कामं वाटून देण्या-घेण्यापुरतं जर्मन: कोल्हापुरात बसून कसं शिकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये तुम्ही प्लॅनिंग आणि को-ऑर्डिनेशन बघता. हाताखाली पाच जण आहेत. नवीन जर्मन गिऱ्हाईक जोडलं गेलंय, दर आठवड्याला कॉल होतो आणि कामं वाटून घ्यायची वेळ आली की तुमचं ए-वनचं जर्मन कमी पडतं (जर्मनच्या पायऱ्या अशा चढतात: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू). कुठली लेव्हल करू, किती वेळ लागेल आणि टीममधल्या पोरांनाही शिकवू का, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं कास्टिंग एक्सपोर्टच्या को-ऑर्डिनेशनमध्ये काढली. आता शिरोली, कागलकडच्या कारखान्यांतल्या लोकांना कामापुरतं जर्मन शिकवते. त्या अनुभवावरून सांगते, की तुमची खरी अडचण लेव्हलची नाही. कॉल संपल्यावर कुठलं काम कुणाच्या अंगावर पडलं, कधीपर्यंतचं पडलं आणि ते त्यानं कबूल केलंय का, या तीन गोष्टी तुम्हाला छातीठोकपणे सांगता येत नाहीत. बी-टू झालेल्या माणसांचीही हीच गत मी पाहिली आहे, आणि जेमतेम ए-टू असलेल्या एका डिस्पॅचवाल्याला हे काम बिनचूक करतानाही पाहिलंय. काम सोपवायला वाक्यं थोडीच लागतात, फक्त ती दगडासारखी पक्की हवीत.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. गिऱ्हाईक मोठी ऑटोमोबाइल कंपनी असेल तर मेल, कॉल, पोर्टल बहुतेक सगळं इंग्रजीत चालतं, आणि तिथे जर्मन न येऊनही तुमचं काम अडणार नाही. पण आपल्याकडचे बरेच कारखाने पंप, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्स, शेतीची यंत्रं बनवणाऱ्या मध्यम, एखाद्या घराण्याच्या मालकीच्या जर्मन कंपन्यांना माल देतात. तिथले परचेसवाले इंग्रजी बोलतात, पण तुमचं रोजचं काम ज्याच्याशी पडतं तो प्रॉडक्शन प्लॅनर किंवा इन्स्पेक्शनचा माणूस जर्मनवर येतो. ड्रॉइंगवरच्या टिपाही बऱ्याचदा जर्मनमध्येच असतात. तेव्हा पुढे वाचण्याआधी एक करा. गेल्या दोन महिन्यांत कुठल्या माणसाशी बोलताना काम अडलं, त्यांची नावं कागदावर लिहा. ती सगळी परचेसमधली निघाली तर जर्मनचा खर्च थोडा थांबवा. प्लॅनिंग आणि क्वालिटीतली निघाली तर आजपासून सुरू करा.

जर्मन मीटिंगच्या शेवटी एक प्रश्न हमखास येतो: वेर माख्ट वास बिस वान, म्हणजे कोण, काय, कधीपर्यंत करणार. त्यांच्या मीटिंगच्या टिपणात, ज्याला ते प्रोटोकोल म्हणतात, याच तीन गोष्टींचे रकाने असतात. आपल्या सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये साहेब म्हणतात, 'ते पॅटर्नचं जरा बघून घ्या.' कुणी बघायचं हे कुणी विचारत नाही, कारण पॅटर्नचं कोण बघतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. एका छपराखाली वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांत हे चालून जातं. पण साडेतीन-साडेचार तास मागे असलेल्या देशात बसलेल्या माणसाला तुमच्यातला पॅटर्नवाला कोण, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून पहिला धडा असा, की काम देताना माणसाचं नाव आणि तारीख एकाच वाक्यात आली पाहिजे.

त्यासाठी एक क्रियापद आधी पाठ करा: युबरनेमन, म्हणजे काम अंगावर घेणं. वेर युबरनिम्ट दास? हे कोण घेतंय? इश युबरनेमं दास. हे मी घेते. क्योन्टन झी दास बिस मिटवोख युबरनेमन? बुधवारपर्यंत हे तुम्ही घ्याल का? या तीन वाक्यांवर अख्खी मीटिंग निघू शकते. तिसऱ्या वाक्यातलं क्योन्टन ध्यानात ठेवा. वर्गात आज्ञार्थ आधी शिकवतात, पण समोरच्या कंपनीतल्या, तुमच्या हाताखाली नसलेल्या माणसाला काम सांगायचं असेल तर क्योन्टन झी किंवा व्युर्डन झी बिट्टं (कृपया कराल का) यांनीच सुरुवात करा. हे रूप बी-वनच्या पुस्तकात सविस्तर येतं. तुम्ही तोवर थांबू नका, आत्ताच पाठ करा.

दुसरं वाक्य झोल इश वालं. झोल इश दी मुस्टर आम मोंटाग शिकन? सोमवारी सँपल पाठवू का? मराठीत आपण 'पाठवू का', 'करू का' म्हणतो तेच हे. समोरचा गोलगोल बोलत असेल आणि काम नेमकं कुणाचं हे कळत नसेल, तर झोल इश लावून विचारायचं. उत्तर हो किंवा नाही असंच येतं आणि काम कुणाच्या तरी नावावर चढतं. हेच झोलन तिसऱ्याचा निरोप पोचवायलाही लागतं. 'साहेबांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय' हे इश झोल झी फ्रागन असं होतं. को-ऑर्डिनेटरचा निम्मा दिवस असे निरोप इकडून तिकडे नेण्यात जातो, म्हणून मी माझ्या वर्गात झोलन हे म्युसनच्याही (म्हणजे करावंच लागणं) आधी शिकवते.

म्युसन आणि ड्युर्फन (परवानगी असणं) यांची नकारार्थी रूपं मात्र जिवापाड सांभाळा. म्युसन निश्ट म्हणजे करायची गरज नाही. ड्युर्फन निश्ट म्हणजे करायचंच नाही, मनाई आहे. 'पार्ट्स रंगवायची गरज नाही' आणि 'पार्ट्स रंगवायचे नाहीत' यांत फरक कळला नाही, तर एक अख्खी पेटी परत येऊ शकते, कारण तो पृष्ठभाग पुढे त्यांच्याकडे मशीनिंगला जाणार असतो. आपण कॉलवर दोन्ही ठिकाणी 'नको म्हणाले' एवढंच ऐकून मोकळे होतो. यापैकी काही कानावर आलं की लगेच उलट विचारा: हाबं इश दास रिश्टिश फेरश्टांडन? मला बरोबर समजलंय ना? आणि मग आपल्या शब्दांत परत सांगा. असं विचारण्यात कमीपणा नाही. माझ्या पाहण्यातले जर्मन इंजिनिअर असं परत सांगणाऱ्या माणसावर जास्त विसंबतात.

तारखा आणि वेळा यांवर मला जरा रेंगाळायचंय, कारण सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात.

जर्मन कंपन्या तारीख कमी आणि आठवडा जास्त बोलतात. कालेंडरवोखं 32, लिहिताना नुसतं केडब्ल्यू 32. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो आठवडा क्रमांक 1. हा आंतरराष्ट्रीय मानकातला हिशोब आहे. तुमच्या एक्सेलला वेगळं सांगितलं नाही, तर साधं आठवड्याचं सूत्र 1 जानेवारीपासून मोजतं आणि काही वर्षी एका आठवड्याचा फरक पडतो. आयएसओ आठवडा देणारं वेगळं सूत्र आहे, तेच वापरा आणि आठवड्यांचे आकडे छापलेलं कॅलेंडर टीमच्या भिंतीवर लावा. एवढं झालं तरी एक प्रश्न उरतो. केडब्ल्यू 32 ला माल न्हावा शेवा बंदरातून निघायचा, की त्यांच्या गोदामात पोचायचा? समुद्रमार्गे माल जातो तेव्हा या दोहोंत कित्येक आठवड्यांचं अंतर असतं. फेरझेंडन म्हणजे रवाना करणं आणि आंकोमन म्हणजे पोचणं. लीफरन म्हणजे माल देणं, आणि तो शब्द ज्याला जसा सोयीचा तसा वापरला जातो. म्हणून लीफरन ऐकलं की पोचण्याची तारीख वेगळी विचारून घ्या.

बिस फ्रायटाग म्हणजे शुक्रवारपर्यंत. पण कुणाचा शुक्रवार? जर्मनीतली बरीच ऑफिसं शुक्रवारी दुपारीच रिकामी होतात. तुम्ही आपल्या संध्याकाळी सहाला रिपोर्ट पाठवून 'शुक्रवारीच दिला' म्हणाल आणि तिकडे तो सोमवारी उघडला जाईल. म्हणून वेळ घालायची: बिस फ्रायटाग, त्स्व्योल्फ ऊर ईरर त्साइट, तुमच्याकडच्या बारापर्यंत. उन्हाळ्यात ते आपले साडेतीन होतात, हिवाळ्यात साडेचार. त्यांची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे सरकतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. त्या दोन आठवड्यांत कॉलची वेळ लेखी कळवलेली बरी.

बोलण्यातल्या वेळा मराठी माणसाला एका जागी चकवतात. हाल्प त्सेन म्हणजे साडेनऊ. हाल्प म्हणजे अर्धा आणि त्सेन म्हणजे दहा हे कानात बसलं की मन साडेदहाकडे धावतं. पण आपण पावणेदहा म्हणतो तेव्हा पुढच्याच तासाचं नाव घेतो की नाही? तोच रिवाज त्यांनी अर्ध्या तासाला लावलाय. श्टुटगार्टकडच्या माणसाशी काम पडलं तर तो ड्रायफिर्टल त्सेन म्हणेल. ते शब्दशः आपलं पावणेदहा आहे, आणि बाहेरून आलेला इंग्रजीवाला जिथे अडखळतो तिथे तुम्हाला ते एकदा ऐकून कळेल. आकड्यांचंही असंच. फ्युन्फउंटत्स्वांत्सिश म्हणजे पाच आणि वीस, आपलं पंचवीस. एकक आधी, दशक नंतर. आकडे शिकताना मध्ये इंग्रजी आणू नका, थेट मराठीतून जर्मनकडे जा. लिहिताना मात्र डोळे उघडे ठेवा. त्यांचा स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह आणि टिंब म्हणजे हजाराची खूण. 0,2 म्हणजे दोन दशांश मिलिमीटर, आणि 1.200 श्ट्युक म्हणजे बाराशे नग.

मराठी येणाऱ्याला जर्मनमध्ये अशा बऱ्याच गोष्टी फुकट मिळतात आणि आपले वर्ग त्याचा फायदा करून देत नाहीत याची मला खंत आहे, कारण पुस्तकं इंग्रजीतून समजावतात. आपल्याकडे तो, ती, ते अशी तीन लिंगं आहेतच, त्यामुळे तिसऱ्या लिंगाची कल्पना नव्यानं समजावी लागत नाही. कुठल्या नामाला कुठलं लिंग, हे मात्र पाठच करावं लागतं. म्युसन, क्योनन (करता येणं) यांच्याबरोबर मुख्य क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं: झी म्युसन दी त्साइश्नुंग बिस फ्रायटाग प्र्यूफन. मधला भाग बघा, ड्रॉइंग शुक्रवारपर्यंत तपासणं. क्रम मराठीचाच आहे. काही क्रियापदं दोन तुकड्यांत फुटतात आणि छोटा तुकडा वाक्याच्या टोकाला जाऊन अर्थ पालटवतो. इश झागं डेन टेर्मीन आम डीनस्टाग यापुढे त्सू आलं तर मंगळवारची वेळ कबूल, आप आलं तर रद्द. मराठीतही 'मी मंगळवारी येणार' यापुढचा 'नाही' शेवटी येतो, आपला कान थांबायला सरावलेला आहे. कॉलवर समोरच्याचं वाक्य तोडू नका, एवढंच पथ्य.

कोल्हापूरच्या माणसाला आणखी एक गोष्ट सोपी जाते. आपण 'बसा की', 'या की', 'बघा जरा' म्हणतो. आज्ञा असूनही ती बोचत नाही, कारण 'की' आणि 'जरा' तिची धार काढतात. जर्मनमध्ये 'डोख' आणि 'माल' हे शब्द हेच करतात. झेत्सन झी झिश डोख, बसा की. शाउअन झी बिट्टं माल, बघा जरा. ओळख झालेल्या माणसाला छोटं काम सांगताना हे चपखल बसतं. लेखी मेलमध्ये आणि नव्या माणसाशी मात्र क्योन्टन झी वरच राहा. झी आणि डू यांचा प्रश्न आपल्या तुम्ही-तू सारखाच आहे. काही कंपन्यांत आता सगळेच डू म्हणतात, पण ती सुरुवात त्यांच्याकडून, आणि त्यातही वयानं किंवा हुद्द्यानं मोठ्या माणसाकडून होऊ द्या.

मराठीतली एक सोय मात्र तिथे मिळत नाही. 'आपण' म्हटलं की दोन्ही पक्ष आणि 'आम्ही' म्हटलं की फक्त आमची बाजू, हे आपल्याला बोलताबोलता कळतं. जर्मनमध्ये दोन्हीला वीर. त्यांचा माणूस म्हणतो, वीर म्युसन दास नोख क्लेरन, म्हणजे हे अजून स्पष्ट करून घ्यायला हवं. मग तुमच्या टीमला वाटतं ते बघतील आणि त्यांना वाटतं कोल्हापूरवाले बघतील. आठवडा जातो. त्यातून कर्मणी प्रयोगाची त्यांना आवड आहे, 'तपासलं जाईल', 'कळवलं जाईल', त्यात माणूस दिसतच नाही. वीर किंवा असं कर्मणी वाक्य ऐकलं की वेर युबरनिम्ट दास विचारायची सवय लावून घ्या. दोन कॉलनंतर ते स्वतःहून नाव घेऊ लागतात.

आता आपल्या 'हो'बद्दल. 'बघतो', 'करूया की', 'होऊन जाईल' ही आपली उत्तरं समोरच्याचा मान राखणारी आहेत आणि त्यांत कुणाला फसवायचा हेतू नसतो. पण जर्मनमध्ये तुम्ही 'या', म्हणजे हो, म्हणालात की ते वचन धरलं जातं आणि प्रोटोकोलमध्ये तुमच्या नावापुढे तारीख चढते. मोल्डिंगमध्ये किती काम तुंबलंय हे माहीत नसताना 'या' म्हणू नका. त्याऐवजी हे वाक्य तोंडपाठ करा: दास कान इश निश्ट त्सूझागन, इश क्लेरं दास उंट गेबं ईनन मोर्गन बेशाइट. याची हमी मी देऊ शकत नाही, चौकशी करून उद्या कळवते. आणि जमणारच नसेल तर: दास शाफन वीर बिस फ्रायटाग निश्ट, मोंटाग गेट. शुक्रवारपर्यंत होणार नाही, सोमवारी जमेल. नकाराबरोबर दुसरी तारीख दिली की तिकडे कुणी वाईट वाटून घेत नाही. वाईट वाटतं ते शुक्रवारी संध्याकाळी कळलं तर. तसंच तिकडून दास गेट झो निश्ट, म्हणजे 'हे असं चालणार नाही', असं आलं तर तो राग समजू नका. बोलणं त्या कामाबद्दल असतं, तुमच्याबद्दल नसतं.

लेव्हल आणि वेळ. तुमच्या कामाला बी-वन पुरेसं आहे. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानं अगदी सुरुवातीपासून बी-वनपर्यंत 45 मिनिटांच्या 350 ते 650 तासिका लागतात. तुमचं ए-वन झालंय हे धरलं तरी नोकरी सांभाळून आठवड्याला सहा तासिका होत असतील तर वर्षभर तरी मोजा. तीन महिन्यांत बी-वन करून देतो म्हणणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका. आपल्या शिवाजी विद्यापीठात परदेशी भाषांचा विभाग आहे, तिथे चौकशी करा. गोएथेची परीक्षा द्यायची असेल तर पुण्याचं मॅक्स म्युलर भवन, म्हणजे गोएथेचंच केंद्र, आपल्याला जवळचं. परीक्षा द्यावी का, हे तुमच्या कारणावर आहे. नोकरी बदलायची किंवा तिकडे जायचं असेल तर द्या. इथल्याच कामासाठी शिकत असाल तर तो पैसा आठवड्याला एक तास बोलायला माणूस लावण्यात घाला.

वर्गाबरोबर घरचा अभ्यास म्हणून तुमची स्वतःची कागदपत्रं घ्या. गेल्या तीन महिन्यांच्या पाठवलेल्या मेलमधून ज्यांत तुम्ही काम दिलं किंवा घेतलं तेवढ्या वेगळ्या काढा आणि प्रत्येकीचं एकच जर्मन वाक्य करा. त्यात नाव, काम, तारीख एवढंच ठेवा. दुसरं, तुमच्या रोजच्या सकाळच्या मराठी मीटिंगचं टिपण जर्मनमध्ये काढा, चार-पाच ओळींचं. मजकूर ओळखीचा असल्यामुळे सगळं लक्ष भाषेवर राहतं. माझ्याकडे जे लोक सगळ्यात लवकर बोलायला लागले त्यांनी हेच केलं होतं. भाषांतराची ॲप्स वाचायला जरूर वापरा, पण इंग्रजी वाक्य घालून निघालेलं जर्मन तसंच पाठवू नका. इंग्रजी यूचं कधी डू होतं, आणि गरज नाही व मनाई यांतला फरक इंग्रजीतच ढिला लिहिला गेला असेल तर तो तसाच पुढे जातो. गिऱ्हाईकाचं ड्रॉइंग किंवा किमती अशा ॲपमध्ये टाकण्याआधी तुमच्या करारातली गुप्ततेची अटही वाचून घ्या.

राहिला टीमचा प्रश्न. पाचही जणांना क्लास लावू नका. क्वालिटीतला एक आणि डिस्पॅचमधला एक असे दोघं निवडा. डिस्पॅचवाल्याला आकडे, वार, केडब्ल्यू, निघणं आणि पोचणं एवढं पक्कं आलं तरी तो कामाला येतो. क्वालिटीवाल्याला ड्रॉइंगवरच्या टिपा वाचता आल्या पाहिजेत. ग्राटफ्राय म्हणजे कडेला धातूची धार (बर) राहता कामा नये, लुंकर म्हणजे धातू आकसल्यामुळे कास्टिंगमध्ये होणारी पोकळी, फ्रायगाबं म्हणजे मंजुरी, आणि ती आल्याशिवाय उत्पादन सुरू करायचं नाही. बाकी तिघांसाठी याच शब्दांचं एक पान मराठी अर्थासह इन्स्पेक्शन टेबलजवळ चिकटवा.

हे दोघं तयार करायचं मुख्य कारण सुट्ट्यांचं आहे. जर्मन माणूस रजेवर जाताना आपली फेरट्रेटुंग, म्हणजे बदली माणूस, नाव आणि फोनसकट मेलच्या आपोआप उत्तरात लिहून जातो, आणि तशीच अपेक्षा तुमच्याकडून करतो. त्यांच्या शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या राज्याराज्यांत वेगळ्या आठवड्यांत असतात, तेव्हा जूनमध्येच विचारून ठेवा, की कोण कुठल्या केडब्ल्यूत नाही आणि त्याच्या जागी कोण. तुमच्या बाजूनं गणपती आणि दिवाळीचे बंद दिवस आधी कळवा. तिथल्या माणसाला ते ठाऊक असतील असं धरून चालू नका. यंदा दिवाळीच्या रजेत त्या दोघांपैकी एकाचं नाव फेरट्रेटुंग म्हणून लिहा. पण त्याआधीचे दोन-तीन कॉल त्यालाच बोलू द्या. तुम्ही शेजारी बसा, मध्ये बोलू नका आणि कॉल संपल्यावर कोण, काय, कधीपर्यंत हे त्याच्याकडून लिहून घ्या.